माया किती ठेवायची

आमच्या घरात सासू-सुनेचं कधी वाजत नाही, याचा आमच्या वाडीत मोठा बोलबाला होता. शेजारची सोनाबाई तर येता-जाता मला म्हणायची, "तुळसा, तुज्या सुनेला जरा आमच्या सुनेला शिकवाया धाड." मी नुसती हसायचे. मानसी लग्न होऊन घरात आली त्याला वर्ष होत आलं होतं, पण माझ्या शिलाई मशीनवरची कात्रीसुद्धा तिनं कधी विचारल्याशिवाय उचलली नव्हती. मीही तिच्या लॅपटॉपला हात लावला नव्हता. ती विचारायची, "आई, तुम्ही चहा घेणार का?" मी म्हणायचे, "तुला करायचा असंल तर कर." एकदम गुळगुळीत संसार.

खरं सांगू? मला तो गुळगुळीतपणा टोचायचा. मी मूळची तोंडाळ बाई. माझ्या मुलाचे, सम्यकचे बाबा एस.टी.त कंडक्टर होते, भरल्या गाडीत भल्याभल्यांना गप्प करायचे. पण माझ्याशी वाद घालायचा तर आधी मागचं दार उघडं आहे का ते बघून घेतात. माझी आई आणि मी, आमचा तर दिवसच भांडणानं उजाडायचा. ती गेली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की घर इतकं शांत असू शकतं, आणि ते मला अजिबात आवडलं नाही. मला मुलगी नाही. सून आली की घरात पुन्हा आवाज होईल, असं मी धरून चालले होते. आली ती पाली गावची, शहाणी, मोजूनमापून बोलणारी. भांडायला तिनं जागाच ठेवली नव्हती.

म्हसळ्याहून दिघीकडे जाताना डाव्या हाताला चढणीवर आमची बौद्धवाडी लागते. सम्यक दिघीच्या बंदरात क्रेन चालवतो. पाळीचं काम, त्यामुळे घरी असला तरी बहुतेक झोपलेला असतो. मानसी घरी बसून कॉम्प्युटरवर चित्रं करायची. दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका, जयंतीचे बॅनर. तिची चित्रं म्हणजे फोटो नव्हेत. ती एकेक आकार आखते, आकाराला रंग देते आणि आकाराशेजारी आकार बसवते. असं चित्र टिकलीएवढं करा नाहीतर भिंतीएवढं, फाटत नाही, असं तिनं मला एकदा सांगितलं होतं. मी "असं होय" म्हटलं होतं. त्यापुढे विचारायचं माझ्या मनात होतं, पण पोर कामात होती. उगाच कशाला मध्येमध्ये करा.

अशात पनवेलच्या एका छपाईच्या ऑफिसातून तिला बोलावणं आलं. तिथं तिची मावसबहीण राहते. म्हणजे आठवडाभर तिकडे राहायचं, सुट्टीला इकडे यायचं. सम्यकनं मला विचारलं, "आई, तुला काय वाटतं?" मी म्हटलं, "तिची मर्जी." त्यानं आत जाऊन तिला विचारलं. ती म्हणाली, "आई म्हणतील तसं." तो पुन्हा बाहेर आला. मी म्हटलं, "मी कोन सांगनारी? तिचं काम हाय, तिची मर्जी." तो पुन्हा आत गेला. बिचारा एवढी मोठी क्रेन फिरवतो, पण या दोन खोल्यांत पार दमून गेला.

मला ती जायला नको होती. हे मी कुणाजवळ बोलले नाही, पण भाकरी थापताना, मशीन मारताना तेच डोक्यात असायचं. मात्र सुनेच्या वाटेत आडवी येणारी सासू म्हणून मला मिरवायचं नव्हतं. शिकलेली पोर आहे, जाईल, नाव काढेल. आपण दारात उभं राहून हात हलवायचा आणि आत येऊन दोघांपुरता भात लावायचा.

विहाराचं काम आलं ते या सगळ्यात. आमच्या वाडीचा नवा विहार बांधून होत आला होता. दरवाजाच्या वर, पूर्वेला तोंड करून एक मोठी काच बसवायची होती. त्या काचेवर पिंपळाचं पान आणि पानात पंचशील ध्वजाचे पाच रंग, म्हणजे सकाळी वंदनेला बसल्यावर रंगीत उजेड थेट बुद्धमूर्तीच्या पायाशी पडेल, अशी आमच्या हिरामण गुरुजींची कल्पना. गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक, विहार समितीचे अध्यक्ष आणि जन्मभराचे छिद्रान्वेषी. पण माणूस सरळ. त्यांनी मानसीला सांगितलं, "सूनबाई, चित्र तुम्ही काढा. चांगलं उतरलं तर आसपासच्या वाड्यांतूनही काम येईल, मी स्वतः शब्द टाकीन."

मानसीनं सम्यकला सांगितलं, "हे काम कसं होतंय ते बघते आणि मग पनवेलला कळवते." मी आतून ऐकलं. त्या दिवसापासून त्या पानात माझा जीव अडकला. पान जमलं तर सून राहते, नाही जमलं तर जाते, असा माझा सरळ हिशोब होता.

पान तिनं सुरेख काढलं. विहाराच्या अंगणातल्या पिंपळाचं एक पान आणून तिनं त्याची कड अगदी जशीच्या तशी आखून घेतली, लांब निमुळत्या टोकासकट. आणि आत तिरके पाच पट्टे. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी. समितीच्या ग्रुपवर चित्र टाकलं. बायकांनी हात जोडले, पोरांनी अंगठे दाखवले. मग गुरुजींचा आवाज आला. ते कधी लिहीत नाहीत, बोलूनच पाठवतात.

"सूनबाई, चित्र उत्तम आहे. परंतु पानाला तडे गेलेले आहेत."

मानसीनं फोन डोळ्यांशी नेला. मीही चष्मा लावला. गुरुजींचं खरं होतं. जिथं निळा आणि पिवळा भेटत होते तिथं मधून केसाएवढी पांढरट रेघ गेली होती. पिवळ्या-लालमध्ये तशीच. केशरीपाशीही तशीच, पण तिथं पांढराच शेजारी असल्यामुळे ती चटकन कळत नव्हती.

गुरुजी एवढ्यावर थांबणारे नव्हेत. छत्री घेऊन स्वतः घरी आले आणि लॅपटॉपसमोर खुर्ची ओढून बसले.

"मोठं करा बघू."

मानसीनं चित्र मोठं केलं. रेघ तेवढीच.

"आणखी."

रेघ तेवढीच.

"आता लहान करा." तरीही तेवढीच. गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "जवळ गेलो तरी तेवढीच, लांब गेलो तरी तेवढीच. हा काय प्रकार आहे?"

"गुरुजी, ती फट नाहीये," मानसी म्हणाली. "निळा जिथं संपतो, बरोबर तिथंच पिवळा सुरू होतो. मी तपासलंय. जरासुद्धा अंतर नाही."

"मग मला दिसतंय ते काय?"

"ते... दिसतंय. पण ते नाहीये."

ओटीवरून सम्यकच्या बाबांनी विचारलं, "गुर्जी, अनित्य म्हनतात त्ये ह्येच का वो?"

गुरुजींनी तिकडे असं बघितलं की हे उठून गायब झाले. मग गुरुजी मानसीला शांतपणे म्हणाले, "पोरी, ध्वजाचे पाच रंग आहेत. शीलात फट राहिली हे मला चालणार नाही, आणि लोकांना तर मुळीच चालणार नाही. तुम्ही म्हणता फट नाही. तर मग काचेवर दिसायला नको. आधी एका जुन्या काचेवर करून बघू. काच खोटं बोलत नाही." चहा पिऊन ते गेले.

मी कप उचलताना न राहवून विचारलं, "मंग ती रेघ येते कुठनं?"

मानसीला बहुतेक कुणीतरी विचारायलाच हवं होतं. तिनं एक कागद घेतला, त्यावर चौकोन आखला. पडदा म्हणे असल्या बारीक बारीक चौकोनांचा बनलेला असतो. एका चौकोनाला एकच रंग मिळतो. आता निळ्या-पिवळ्याची हद्द बरोबर चौकोनाच्या मधून गेली, तर करायचं काय?

"कॉम्प्युटर आधी निळ्याला विचारतो, यातलं तुझं किती? निळा म्हणतो, अर्धं. मग तो अर्धा निळा भरतो, अर्धा मागचा पांढरा तसाच ठेवतो. मग पिवळ्याला विचारतो. पिवळाही म्हणतो, माझं अर्धं. मग जे काही तिथं आहे त्याच्यावर तो अर्धा पिवळा चढवतो. पण त्यानं सगळं झाकलं जात नाही ना. थोडा पांढरा खालून उरतोच."

"मंग चूक कुनाची?"

"कुणाचीच नाही. निळाही बरोबर सांगतो, पिवळाही बरोबर सांगतो. पण तो दोघांना वेगवेगळं विचारतो. एकत्र बसवून विचारलं असतं, तर पांढरं उरलंच नसतं."

मी कप घेऊन मोरीशी गेले. ह्या खोलीतून त्या खोलीत फिरणारा सम्यक माझ्या डोळ्यांपुढून हलेना. दोघी आपापल्या जागी अगदी बरोबर. आणि मधे ती केसाएवढी रेघ, जी कुणी विचारलं तर नाहीच.

माणगावला एका दुकानात मशीन आहे. ते चित्राबरहुकूम रंगीत, उजेड आरपार जाणारी फिल्म कापून देतं. सम्यक मोटारसायकलवर जाऊन घेऊन आला. एका जुन्या खिडकीची काच अंगणात आंब्याच्या बुंध्याला टेकवून दोघांनी ती चिकटवली. मानसीनं एकेक पट्टा नखानं दाबत शेजारच्या पट्ट्याला असा भिडवला की मुंगी शिरायची नाही. "बघा बाबा," ती ह्यांना म्हणाली, "कुठे आहे रेघ?" नव्हतीच. त्या संध्याकाळी मी शिरा केला. कशासाठी ते कुणाला सांगितलं नाही.

पण फिल्म ऊन खाते आणि आकसते, हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात नव्हतं. दुसऱ्या दुपारी गुरुजी बघायला आले तोवर काच उन्हात तापून निघाली होती. पट्टे जरासेच, अगदी जरासेच मागे सरकले होते. ऊन मधून घुसत होतं आणि जमिनीवर रंगीत पान पडलं होतं, त्यात तिरक्या पांढऱ्या झळझळीत रेघा.

गुरुजी टाकून बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. "वाईट वाटून घेऊ नका सूनबाई," ते म्हणाले. "महाडला माझ्या ओळखीचे एक पेंटर आहेत, काचेवर हातानं रंगवतात. त्यांना विचारून बघतो. तुमची मेहनत मी विसरणार नाही."

"ठीक आहे, गुरुजी," मानसी म्हणाली. नेहमीच्याच आवाजात.

ती आत आली. मी मशीनवर होते. उद्घाटनाच्या दिवशी विहारावर लावायचा मोठा ध्वज शिवत होते. वाडीतले ध्वज मीच शिवते. तिनं टेबलावरचे फिल्मचे कपटे गोळा केले, कागदात बांधले, केरात टाकले. लॅपटॉपवरची धूळ पुसली. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आई, मी पनवेलला हो म्हणून कळवते. तुम्हाला चालेल ना?"

'तुजी मर्जी' माझ्या ओठांवर तयारच होतं. वर्षभर घोटलेलं वाक्य, त्याला काय वेळ लागतो. पण माझ्या हातात निळा आणि पिवळा पट्टा होता, जोडलेला, सुई अजून कापडात. आणि माझ्या तोंडून भलतंच आलं.

"माया किती ठेवलीस?"

"काय?"

"तुज्या पानात. रंगाला रंग जोडलास तितं माया किती ठेवलीस?"

तिला वाटलं असेल म्हातारीचं डोकं फिरलं. "चित्रात कसली माया आई? तिथं काय शिलाई असते?"

मी ध्वज उलटा करून तिच्या पुढ्यात धरला. "ह्यो निळा हितं संपला असं तुला वरनं दिसतंय. संपला न्हाय. आत गेलाय पिवळ्याच्या पोटाखाली. काठाला काठ लावून शिवला तर पयल्या वाऱ्याला उसवंल. कापड धुतलं की आकसतंच. म्हनून आत माया सोडायची. वरनं दिसाय नको, पन आत पायजे."

तिनं शिवण उलटीसुलटी करून बघितली. मग म्हणाली, "हे मला माहितीये. एकाखाली दुसरा सरकवायचा. करतात लोक."

"मंग तू का न्हाय केलंस?"

"कारण कापड जाड असतं आई, फिल्म आरपार असते! निळ्यावर पिवळा चढला तर मधे हिरवी पट्टी दिसणार. मी विचार केला नसेल का याचा?" तिचा आवाज वर गेला होता. वर्षात पहिल्यांदा. माझ्या अंगावर काटा आला, पण आनंदाचा.

"मंग हिरवी दिसंल. दिसू दे!"

"दिसू दे काय? पंचशीलात सहावा रंग आणू? गुरुजी मला विहाराच्या पायरीवर तरी उभं करतील का?"

"मी बोलते गुर्जींशी."

"तुम्ही नका बोलू! माझं काम आहे, मी निस्तरते!"

"निस्तरतेस कुटं? पळून चाललीस पनवेलला!"

हे मी म्हणाले आणि ती तरातरा जाऊन लॅपटॉप उघडून बसली. मीही मशीन सोडून तिच्या मागे गेले. एवढं वर्ष त्या पडद्याला न लावलेलं बोट मी आता थेट काचेवरच ठेवलं. ह्याच्याखाली हा सरकव. तिनं सरकवला. निळ्या-पिवळ्यामध्ये हिरवी पट्टी उमटली, लाल आणि पिवळ्यामध्ये विटकरी. दिसायला वाईटच दिसत होतं. ठिगळ लावल्यासारखं. मी कबूल करणार नव्हते. म्हटलं, माया जास्त झाली, कमी कर. तिनं कमी केली. म्हटलं, आता हितं वाढव. तिनं वाढवली. म्हटलं, हितं न्हाय गं, तितं, त्या लालच्या...

"आई, तू जरा गप बस ना गं! बघू दे मला!"

ओटीवर सम्यकचे बाबा पेपर वाचत होते, त्यांनी पेपर हळूच खाली केला आणि मागच्या दाराकडे बघितलं.

मानसीनं दोन्ही हात तोंडावर धरले. "सॉरी. सॉरी आई. चुकून... तुम्ही..."

"पुन्यांदा 'तुम्ही' म्हनालीस तर बघ," मी म्हणाले.

ती मला घाबरली असेल म्हणून मी तिचा हात धरला आणि मग मला थांबताच येईना. "आनि पनवेलला जाऊ नको. तुजी मर्जी-बिर्जी कायबी न्हाय. मला तू हितं पायजे हायेस. काम कर, लई मोठी हो, पन हितं राहून हो. तू न्हाय तर मी कुनाशी बोलू? हा बाप तर दार बघत बसतो आनि पोरगा झोपलेला."

मानसी रडायला लागली. रडत रडत ती माझ्यावरच चिडली. "मग इतके दिवस म्हणाला का नाहीत? म्हणाली का नाहीस? सम्यक विचारायचा तर तुझी मर्जी, तुझी मर्जी. मला वाटलं, मी गेले तर तुला सुटल्यासारखं होईल."

"आनि मला वाटलं तुला."

पदरानं मी तिचं तोंड पुसलं, मग माझं. तिनं नाक ओढलं आणि टेबलावरचं पिंपळाचं पान उचललं. कड आखून घ्यायला आणलेलं, आता सुकत आलेलं. काहीतरी हातात धरायचं म्हणून धरलं असेल. खिडकीतून ऊन येत होतं, पान त्या उन्हात आलं. मी बघत होते. मानसीसुद्धा बघायला लागली, आणि तिचं रडणं एकदम थांबलं.

"आई. शिरा बघ."

पानात ऊन भरलं होतं आणि शिरा तेवढ्या गडद उठून दिसत होत्या. मधली जाड, तिला फुटलेल्या तिरक्या, बारीक होत कडेपर्यंत गेलेल्या.

"पट्टी दिसणारच असेल ना," ती म्हणाली, "तर जिथं दिसायला पाहिजे तिथंच दिसू दे."

तिनं ते तिरके सरळ पट्टे पुसून टाकले. पानाच्या शिरा आखल्या आणि एकेक रंग शिरेपासून शिरेपर्यंत भरला. जिथं दोन रंग भेटायचे तिथं एक दुसऱ्याच्या खाली सरकवला. देठाशी जास्त, कडेला जाताना कमी. हिरवट, विटकरी जे काय उमटलं, ती शीर झाली. हे मला सुचलं नसतं, सात जन्म ध्वज शिवले असते तरी. पण पांढऱ्याखाली लाल घ्यायचा की लालाखाली पांढरा, यावरून आमचं जोरदार जुंपलं. ती म्हणाली, लाल खाली. मी म्हणाले, ध्वजात मी उलटं करते. ती म्हणाली, ध्वज कापडाचा असतो गं. मी म्हणाले, मला नको शिकवूस.

सम्यक पाळी संपवून आला तो दारातच थांबला. आतून दोघींचे आवाज. त्यानं बापाकडे बघितलं. बाप म्हणाला, "जाऊ नको आत. बरं चाललंय."

लाल खालीच गेला. तिचंच बरोबर होतं.

पुन्हा माणगाव, पुन्हा आंब्याला टेकवलेली काच. ह्या वेळी आम्ही गुरुजींना लगेच बोलावलं नाही. काचेला चांगली उन्हं खाऊ दिली. फिल्म आकसायची ती आकसली, पण माया पोटात होती, पांढरं ऊन कुठून घुसायला जागा नव्हती. मग गुरुजी आले. त्यांनी जमिनीवर पडलेलं पान बघितलं, मग काच बघितली, मग काचेवर बोट फिरवलं.

"ही रेघ कसली, सूनबाई?"

"शीर आहे, गुरुजी. पानाची."

"आधी नव्हती."

"आधी पान नव्हतंच ते. पानाच्या आकारात ध्वज कापला होता नुसता."

गुरुजींनी पुन्हा एकेका शिरेवरून बोट फिरवलं. त्यांना दोष सापडत नसला की त्यांचं असंच होतं. शेवटी म्हणाले, "पिंपळाला शिरा असायच्याच," जणू पिंपळाला ती परवानगी त्यांनीच दिली होती. महाडच्या पेंटरचा विषय पुन्हा निघाला नाही.

पनवेलवाल्यांना मानसीनं कळवलं, काम पाठवा, मी इथूनच करून देते. फार अडलं तर एखाद्या दिवशी येऊन जाईन. त्यांनाही चाललं. आमच्या घरात मात्र कात्री आता जागेवर कधी सापडत नाही. चहा कुणी करायचा यावरून रोज बोलाचाली होते. हे म्हणतात, डेपोत बरं होतं.

विहाराचं उद्घाटन सकाळीच होतं. पांढऱ्या लुगड्यांनी, साड्यांनी सगळा हॉल भरून गेला. वर माझा ध्वज, दारावर तिचं पान. वंदना सुरू झाली आणि थोड्या वेळानं डोंगरामागून सूर्य पुरता वर आला. आधी रंग भिंतीवर आले, मग सरकत सरकत खाली, आणि 'सरणं गच्छामि' चाललं होतं तोवर ते मूर्तीच्या पायांवर येऊन थांबले. पाचही. मधे गडद शिरा. मी हात जोडले होते, पण बघत होते पानाकडे. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते मी पुसलंही नाही.

वंदना संपली. लोक उठायला लागले. मूर्तीजवळ उभी राहून मानसी पायांवर पडलेला रंग हातावर घेत होती. हात निळा, मग पिवळा. तिनं वळून बायकांमध्ये मला शोधलं आणि एवढ्या मोठ्या हॉलमध्ये हाक मारली.

"आई, तू काय तिकडं बसलीस? इकडे ये ना गं, इथून बघ!"

सोनाबाईनं मला कोपरानं ढोसलं. तिचे डोळे मोठे झाले होते. "ऐकलंस काय गं तुळसा? सून तुला अगंतुगं करतीय."

"करते."

"आनि तू करून घेतीस? अगं, चारचौघांत दिसतं त्ये."

मी गुडघ्यावर हात टेकून उठले.

"दिसू दे," मी म्हणाले. "माया हाय ती."